नांगराचा दोर

रविवारची मिस्सा आटोपून पप्पांनी पाचूबंदरहून अख्खं घर सहलीला होडीत घातलं आणि शीड उभारलं. पाणजू बेटाच्या आडोशाला पोचताच ते धाकट्या फ्लॉसीला म्हणाले, “आज नांगर तू टाक.” थोरल्या एरॉलने काठ दाखवला, मम्मीला उतरायला सोपं. “नको दादा, ओहोटी लागलीय. तिथं पानी सरलं की संध्याकाळपर्यंत गाळात बसू.” फ्लॉसीने खोल पाण्यात नांगर सोडला, दोर बांधला आणि पप्पांकडे पाहिलं. वीस वर्षं तांडेल म्हणून होडी चालवणारे पप्पा दुसऱ्याने बांधलेला दोर ओढून पाहिल्याशिवाय भाकरीला हात लावत नसत. एरॉलच्या गाठी तर सोडून पुन्हा बांधत. काठावरचा गाळ उघडा पडू लागला. पप्पा उठले, दोर ओलांडून गुंडाळलेल्या शिडावर आडवे झाले. “पप्पा, दोर?” फ्लॉसीने विचारलं. ते घोरत होते. एरॉल तिच्याकडे वळला. “तांडेल, जेवन काढू काय?”