हुबेहूब डबा

मालगाडी उतारावर सुटली आणि दोन माणसं दगावली. चौकशीत मांडायला रेल्वेच्या साहेबाने निवृत्ती सुताराकडून गार्डच्या डब्याचा लाकडी नमुना करवून घेतला. ब्रेक न लावल्याचा ठपका ज्याच्यावर आला होता, तो गार्ड जब्बार नमुना पाहायला आला. खिडक्या, पायऱ्या, कंदील, सगळं हुबेहूब. पण बोट लावताच ब्रेकचं चाक गरगर फिरलं, तसा तो भडकला.

"हे फिरते काऊन बे?"

"चाक हाय, फिरनारच!" निवृत्तीही तडकला.

"त्या रोजी दोन्ही हातानं जोर लावला म्या. सूतभर नाही हाललं!"

निवृत्तीने चाकाच्या बुडाशी लाकूड चिकटवायचा गरम सरस ओतला.

चौकशीत साहेब म्हणाला, "पाहा, चाक किती हलकं फिरतं," आणि त्याने ऐटीत बोट लावलं.

मग दोन्ही हात लावले.