सायबाची पोटशुद्धी

"सायेब, तुमच्याच मिठाईपायी माझी लेक मरता मरता वाचली!" शिल्पानं उंबऱ्यातूनच सुनावलं. दिवाळीची सुट्टी संपवून तिची लेक ऋतुजा उमरीच्या वसतिगृहात परतली आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या पोरी ओकून ओकून आडव्या झाल्या. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या साहेबांनी आपल्या घरात साठलेले मिठाईचे डबे मोठ्या मनानं पोरींना वाटले होते. लेकीला सलाईन लावून शिल्पा तडक साहेबांच्या घरी आली होती.

साहेब सोफ्यावर बसून दुधीचा रस पीत होते. "काहीही बोलू नका बाई. मिठाई चांगली होती. पोरींनीच हावरटासारखी खाल्ली."

शिल्पानं पिशवीतला डबा काढून त्यांच्यापुढं उघडला. पेढ्यांवर हिरवी बुरशी चढली होती. आंबूस वास सुटला होता. "चांगली हाय ना? मग एक पेढा खा की माझ्यासमोर."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "मला गोड बंद आहे. दिवाळीत लई खाणं झालं, आता पोट साफ करून राहिलो. घरातलं सगळं गोड काढून टाकलं."

"टाकलं? कुठं टाकलं, सायेब?" तिनं डबा रसाच्या पेल्याशेजारी आपटला. "आमच्या लेकींचं पोट काय तुमचा उकिरडा हाय का? बोला की!"