सुटी तार

दस्तगीरचाचांनी सतारीची तार छेडली आणि ते कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिले. तार गप्प झाली, तेव्हा कुठे पडद्यावर रेघ उमटली.

बारीक सूर कानांना कळेनासे झाल्यापासून मिरजेतल्या आपल्या दुकानात चाचा जवारी, म्हणजे तारेचा झंकार, डोळ्यांनीच लावत. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने जरासा घासायचा, तार छेडायची, रेघेची थरथर बघायची. पण कॉम्प्युटरची चिप जळाली आणि दुरुस्तीला आलेल्या मगदुमांच्या वर्षाने भंगारातली, कमजोर चिप बसवून दिली; तेव्हापासून रेघ मागे पडू लागली.

"ताकदीची बसव की गं."

"बसेल ओ चाचा, जागा तीच आहे. पण कंपनी सुटी देत नाही, एकदम हजार नग घ्या म्हणते. आणि नव्या कॉम्प्युटरवर तुमचा हा जुना प्रोग्रॅम चालत नाही."

"सुटी देत नाही?" चाचांना ते खरंच उमगेना. "तार तुटली तर नवी सतार घे, असं मी कधी कुणाला म्हटलंय?"

"म्हणून तर तुम्ही कंपनी नाही," वर्षा म्हणाली.

तेवढ्यात एक बाई सतार घेऊन आल्या. "चाचा, एकच तार हवी होती. आणि जवारी बघता? आवाज बसलाय."

चाचांनी तार बांधली, कानस फिरवली, सूर छेडला. रेघ येईना. जास्त घासलं गेलं तर घोडी वाया जाणार होती.

पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गिऱ्हाईकाला विचारलं, "अजून घासू का?"