जादा प्रत

"काका, हात लावू नका! नळी पेटलीये!" गाडीतून नीरजा किंचाळली.

कऱ्हाडच्या हायड्रोजन पंपावरचे शिंत्रे नळी उचलता उचलता थांबले. हायड्रोजनची ज्वाळा भर उन्हात दिसत नाही, त्यामुळे त्यांना तिथे काहीच दिसलं नाही. ते हसून पुन्हा वाकले.

"थांबा!" नीरजाची आई वैजयंता ओरडली. रंगांधळेपणा टाळण्यासाठी वैजयंताला जन्माआधीच डोळ्यांच्या एका जनुकाची जादा प्रत दिलेली होती. मुलीत उतरताना ती प्रत बदलली आणि नीरजाला इतरांना न दिसणारा एक रंग दिसू लागला. डॉक्टर त्याला दोष म्हणत. तीच प्रत बंद करून घ्यायला मायलेकी आज दवाखान्यात निघाल्या होत्या.

वैजयंताने गाडीतून उतरून कोपऱ्यातला खराटा उचलला आणि नळीसमोर धरला. खराटा भडकन पेटला. शिंत्रे दचकून मागे कोलमडले, मग धडपडत जाऊन त्यांनी मुख्य झडप बंद केली.

कुणीच जागचं हललं नाही. सगळे नीरजाकडे बघत होते.

"विझली," ती म्हणाली.

वैजयंताने गाडी घराकडे वळवली. बऱ्याच वेळाने तिने आजवर कधीच न विचारलेलं विचारलं, "तो रंग कसा असतो गं?"