बॉनेटवरचे काका

चढाच्या शर्यतीत उतरणाऱ्या हर्षलच्या जीपसाठी श्रीगोंद्याचे कारभारी मिस्त्री पंधरा दिवस कानस घेऊन बसले. हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डचं भोक इंजिनाच्या हेडच्या भोकाशी असं जुळवलं, की सांध्यावर नखसुद्धा अडकू नये. हवा अडली की इंजिनाची ताकद गेलीच. शर्यत जिंकली, तर हर्षलच्या चार मित्रांच्या जिपाही मिस्त्रींकडेच येणार होत्या.

शर्यतीत जीप काळा धूर ओकत पहिल्याच चढावर बंद पडली. लोक हसले. मिस्त्री धावत गेले. बॉनेटवर हवा आत घ्यायला ठेवलेल्या तोंडावरच हर्षलच्या काकांचा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या भावी सदस्यांचा, हात जोडलेला फ्लेक्स! पंधरा दिवसांची मेहनत या लाळघोट्या पुतण्यानं डिंक लावून बुजवली होती.

"दादा, आधी हे काढा. इंजिन गुदमरतंय. दुसरी फेरी अजून हाय, जिंकाल तुमी."

हर्षलनं आजूबाजूला पाहिलं. दहा मोबाईल त्याच्याकडेच रोखलेले.

"याड लागलं का मिस्त्री? काकांच्या फोटूला हात लावायचा? त्यापरीस मिस्त्रीच बदलू की!"