राहून गेलेला हात

गनीने घासायचं मशीन आधी पांढऱ्या भागावरच टेकवलं. बाकीचं गॅरेज पिवळंधमक पडलं होतं. मधोमध गाडीच्या मापाचा तेवढा तुकडा तीन वर्षांपूर्वी होता तसाच पांढरा राहिला होता. गाडी मात्र आता नव्हती. दीड महिन्यापूर्वी सोनगीरजवळ हायवेवर एका ट्रकने तिचा चक्काचूर केला, आणि गाडी चालवणारी पुनम, अभिमन नानांची एकुलती एक लेक, जागच्या जागी गेली.

शिरपुरात गनीच्या हाताला नाव होतं. फरशीला इपॉक्सी, तो चकचकीत रंगाचा थर, लावावी ती गनीने, असं लोक म्हणायचे. पण या गॅरेजचा विषय निघाला की तो मान खाली घालायचा. पुनमला नरडाण्याच्या कंपनीत नोकरी लागली, तिने स्वतःच्या पगारावर गाडी घेतली, आणि नानांनी हौसेने गॅरेज पांढरंशुभ्र करून घेतलं. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, ती पिवळी पडते. म्हणून वरून एक पारदर्शक हात मारावा लागतो. तो मारून आठ दिवस गाडी बाहेर ठेवा, असं गनीने बजावलं होतं. पण मध्ये आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला लेकीची नवी गाडी दारात येणार आणि ती रस्त्यावर उभी करायची, हे नानांना कसं पटावं? पुनमच्या आईने, कमलबाईंनी, गाडी ओवाळली, नानांनी ती आत घेतली. ‘सण झाला की मारतो,’ म्हणून गनीने आपलं सामान उचललं ते उचललंच. तीन वर्षं त्याला सवड झाली नाही. खरं सांगायचं तर त्याने ती काढली नाही.

गॅरेजला दार नाही, तोंड पश्चिमेला, आणि खानदेशचं ऊन काही दयामाया दाखवत नाही. पुनम कंपनीच्या बसने ये-जा करायची, गाडी निघायची ती रविवारी. गाडीची सावली होती तेवढीच फरशी वाचली.

सोमवारी नानांचा फोन आला होता.

“गनी भाऊ, फरशी पिवयी पडनी. तवय तुना वरना हात राही गयथा ना, तो आते मारी दे. माल मीच धुयाथून लई येस. मनी वाट नको दखू, बुधवारले काम सुरू करी टाक.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर गनीला सोपं गेलं असतं. मौतीला जायचीही त्याची हिंमत झाली नव्हती. तो नुसतं “हा नाना” म्हणाला.

आज तो सकाळीच आला. नाना पहिल्या बसने धुळ्याला गेले होते. कमलबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होत्या, त्या काही उठल्या नाहीत. पिवळ्या फरशीवर पारदर्शक हात मारून उपयोग नव्हता, पिवळं ते पिवळंच दिसलं असतं. सगळं खरवडून काढायचं, नव्याने पांढरं करायचं आणि मग वरचा हात, असं गनीने ठरवलं. मजुरीचं नाव काढायचं नाही, हेही ठरवलं. आणि सुरुवात त्या पांढऱ्या तुकड्यापासून करायची. उठता-बसता त्या माउलीने ती रिकामी जागा का बघायची?

दोन तास मशीन चाललं. आधी चार चाकांचे काळपट डाग गेले. मग पांढरा रंग गेला. खाली सिमेंटचा करडा कोबा उघडा पडला. जुन्या खुणेचा मागमूस राहिला नाही. गनीची पाठ भरून आली होती, पण मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. तो तोंडावरची धूळ धुवायला फाटकाजवळच्या नळावर गेला.

तेवढ्यात नाना रिक्षातून उतरले. दीड महिन्यात माणूस निम्मा झाला होता. त्यांनी पिशवीतून एक डबा काढून गनीच्या हातात दिला. डबा जेमतेम लिटरभराचा होता, सगळ्या गॅरेजला पुरणारा नव्हता.

“नाना, इतलामा काय व्हई?” गनी हळूच म्हणाला. “बठ्ठं गॅरेज शे.”

“बाकीनं पिवयं ऱ्हाऊ दे, गनी भाऊ,” नाना म्हणाले. “पुनमनी गाडी जठे उभी ऱ्हाये, तितलीच जागा आजून पांढरी शे. तिनावर मार. ती पिवयी व्हवाले नको.”