गुरुजींची कवळी

शासनाच्या शिष्यवृत्तीवर दातांची डॉक्टर झालेली आभा अटीप्रमाणे राळेगावजवळच्या आपल्याच गावात सेवेला आली होती. मुदत संपली तेव्हा ती म्हाताऱ्या गुरुजींना म्हणाली, "तुमची कवळी नीट बसली की मी नागपूरले जातो. लेकरू तिकडं वाट पाहून राह्यलं." तिच्या जागी दुसरं कोणी येणार नव्हतं, म्हणून गुरुजी दर सोमवारी गाल धरून खोटंच सांगत, "अजून टोचते वं." आभा कवळी घासून देई. आज ते खुर्चीत बसले, तेव्हा ती फोनवर लेकराला पुन्हा 'पुढच्या आठवड्यात' म्हणत होती. घासून घासून कवळी इतकी सैल झाली होती, की आता ती खरंच टोचली. "कशी वाटते, गुरुजी?" "मस्त बसली, माय. जाय तू." बाहेर येताच कवळी खिशात टाकून गुरुजी बोळक्याच तोंडानं पोरांना पाढे शिकवायला निघाले.